कायमची पिवळी

आक्का आळशी नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्या जे काही करतात त्यावरून कुणालाही तसं वाटेल. उलट, मागे राहण्यासाठी त्या बाईने जेवढी मेहनत घेतली तेवढी लोक पुढे जाण्यासाठीसुद्धा घेत नाहीत.

केंद्र एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. खाली कामाची खोली, वर झोपायच्या खोल्या. ज्यांना बाहेरचं जग ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून उंबऱ्यावरूनच परतवतं, अशी माणसं तिथे यायची. तुरुंगातून सुटलेली, दारू सोडलेली, दारू सोडतो म्हणणारी, भावाभावजयांनी घराबाहेर काढलेली, कारखान्याला टाळं लागल्यावर ऐन पन्नाशीत रस्त्यावर आलेली. खाली बसून कपड्यांना इस्त्री करायची, शर्टांना बटणं लावायची, खोके भरायचे. वर जाऊन झोपायचं. आणि दर सहा महिन्यांनी स्वतःला मोजून घ्यायचं.

मोजायची ती ‘रोजगारक्षमता’. हा शब्द उच्चारून होईपर्यंत रोजगार दुसऱ्याला मिळून जातो, पण ते असो. वेळ पाळते का, सूचना एकदा ऐकून कळते का, टीका शांतपणे ऐकून घेते का, सहकाऱ्यांशी जुळवून घेते का, असे प्रश्न. उत्तरांना गुण, गुणांची बेरीज आणि बेरजेला रंग. लाल रंग आला तर तुम्ही अजून कशाच्याच कामाचे नाही. मग मागच्या खोलीत बसून मणी ओवायचे आणि सगळे तुमच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलणार. हिरवा आला तर तुम्ही तयार. बाहेर नोकरी बघून देणार आणि महिन्याभरात खाट रिकामी करायला लावणार. पिवळा म्हणजे मधलं. खाली काम करा, वर झोपा, पुढच्या मापनाला या.

आक्का कित्येक वर्षं पिवळ्या होत्या.

एकदाच त्या हिरव्या झाल्या होत्या. तेव्हा नव्या होत्या, त्यांना वाटलं मन लावून उत्तरं द्यायची असतात. आयुष्यभर बटणांच्या कारखान्यात काम केलेली बाई, हात चालायचे, वेळेची पक्की, लागल्या हिरव्या. केंद्राने त्यांना एका कापडदुकानात चिकटवलं. दुकानदार तसा गोड बोलायचा. फक्त रोज संध्याकाळी, गिऱ्हाइकं उभी असताना, आक्कांची पिशवी गल्ल्याशेजारी उपडी करायला लावायचा. डबा, रुमाल, चष्म्याचं घर, सगळं सगळ्यांसमोर. बाकीच्या नोकरांच्या पिशव्या बंदच असायच्या. त्या केंद्रातून आल्या नव्हत्या ना. आक्कांनी काही दिवस सोसलं, मग एका संध्याकाळी पिशवीसकट निघून आल्या. पण केंद्राचा नियम असा, की नोकरी सोडून आलेल्याने रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. खाट परत मिळेपर्यंत अख्खा हिवाळा त्यांनी बसस्थानकाच्या बाकावर काढला. तेव्हाच त्यांनी ठरवलं, हिरव्याची हौस फिटली. आता पिवळं ते सोनं.

पण पिवळं राहणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. जास्त चुका केल्या तर लाल, कमी केल्या तर हिरवं. मापनाच्या दिवशी आक्का जराशा उशिरा यायच्या. इतक्याच, की समोरच्याने घड्याळ बघावं पण बोलू नये. एक बटण उलट्या बाजूने लावायच्या. एकदा कुणाशी तरी वाद घालायच्या आणि लगेच माफी मागायच्या, म्हणजे एका खान्यात गेलेले गुण दुसऱ्या खान्यात वसूल. एवढं करून संध्याकाळी वर जाऊन खिडकीजवळच्या आपल्या खाटेवर पाय पसरायच्या. खोलीतली ती सगळ्यात मानाची जागा. तिथून खालची गल्ली आणि पलीकडचं सायकलवाल्याचं दुकान दिसायचं.

शेजारच्या खाटेवर रेडिओ. ही आक्कांपेक्षा दहाबारा वर्षांनी लहान बाई झोपेतसुद्धा बोलायची, म्हणून हे नाव. दारूपायी संसार उधळला होता. दारू सुटली, बोलणं सुटलं नाही. मापनात ‘समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेते’ हा प्रश्न आला, की तिची गाडी तिथेच घसरायची.

“मी ऐकते की,” रेडिओ म्हणायची. “समोरचा बोलायला वेळ लावतो, त्याला मी काय करू?”

आता ज्याला मधोमध थांबता येतं त्याला दोन्ही टोकंही ठाऊक असतातच. हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं आणि इस्त्रीच्या टेबलामागे, चहाच्या सुट्टीत, आक्कांची शिकवणी सुरू झाली. फी एक बिस्कीट. ज्याला बाहेर पडायचंय त्याला त्या हिरवं करायच्या, ज्याला धीर होत नाही त्याला पिवळं, आणि लाल मात्र कुणालाही होऊ द्यायच्या नाहीत.

तुरुंगातून सुटलेला एक दांडगा गडी होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. मनाने इतका हळवा, की कुणी दरडावलं तर डोळ्यांत पाणी. त्याची शिकवणी चाललेली कुणी ऐकली असती तर हसून मेलं असतं.

“तुमचा दोष सांगा,” आक्का साहेबाचा आवाज काढून विचारायच्या.

“मी एकाचं डोकं फोडलं होतं,” पैलवान खाली मान घालून.

“अरे, दोष विचारलाय, गुन्हा नाही. दोष असा सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्यात असता तर किती बरं झालं असतं. ‘मी हातातलं काम संपल्याशिवाय उठत नाही.’ म्हण.”

“पण मी उठतो.”

“रडू नकोस. म्हण नुसतं.”

‘मला माणसांत मिसळायला आवडतं’, ‘मला नवीन शिकायची हौस आहे’, आणि दुसऱ्याबद्दल विचारलं तर ‘तिच्यासारखं काम करणारं दुसरं कुणी नाही’. ही तीन वाक्यं आक्कांनी अख्ख्या केंद्राकडून घोटून घेतली होती. “चहाडी करणारा लाल होतो,” हे त्यांचं पेटंट वाक्य. “दुसऱ्याबद्दल विचारलं तर भरभरून बोला, ‘मी काही खास नाही’ म्हणणाऱ्याबद्दल तर जास्तच. आपल्या खिशातलं काय जातंय?” पैलवान या जोरावर रुग्णालयाच्या धुलाईघरात लागलासुद्धा. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघी.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवी मापनवाली बाई आली.

उंच, सरळ, कोपऱ्यात उभी केली तर भिंतीवर रेघ ओढता येईल अशी. पहिल्याच दिवशी तिचं नाव पट्टी पडलं. पण पट्टी काही खुळी नव्हती. तिने आक्कांचे जुने निकाल चाळले आणि त्यांना बोलावून घेतलं.

“बसा. इतकी वर्षं तुम्ही मधल्या पट्ट्यात. ना वर, ना खाली.”

“नशीब एकेकाचं,” आक्का म्हणाल्या.

“नशीब इतकं नेमकं नसतं. नापास व्हायला तुम्ही फार कष्ट घेता असं दिसतंय.”

आक्कांनी खिडकीबाहेर बघितलं. “नापास कुठे? पिवळी आहे मी.”

“हो ना,” पट्टी हसली. “या वेळी पद्धत बदलतोय. मी फक्त बघणार. गुण तुम्ही एकमेकांना द्यायचेत. बंद पाकिटात. ज्याच्याबरोबर रोज काम करतो त्याला माणूस कसा आहे ते कळतं, असं वरच्यांचं म्हणणं आहे.”

 स्वतःच्या हातून चुका करणं आक्कांच्या हातचा मळ होता. पण दुसऱ्यांच्या हातांचं काय?

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी बिस्कीट न घेता सगळ्यांना गोळा केलं. “हे बघा, मला मधले गुण द्यायचे. ना फार चांगले, ना फार वाईट. कळलं?”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

“खरंच सांगतेय. मी काही एवढी मोठी लागून गेले नाही.”

माना पुन्हा डोलल्या, जरा जास्तच समजूतदारपणे. आक्कांची पाठ वळली आणि रेडिओ हलक्या आवाजात म्हणाली, म्हणजे तिला जितका हलका येतो तितक्या, “कळलं का? ही शिकवणीच चाललीय. ‘मी काही खास नाही’ म्हणणाऱ्याला जास्त द्यायचे असतात. मागे आपल्याला त्यांनीच नाही का सांगितलं?”

सांगितलं होतं खरं.

निकाल लागला. आक्का हिरव्या. नुसत्या हिरव्या नाहीत, केंद्र सुरू झाल्यापासून इतकं हिरवं कुणी झालं नव्हतं. प्रत्येक पाकिटात एकच: तिच्यासारखं काम करणारं दुसरं कुणी नाही. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ती अशी.

आक्का तडक पट्टीच्या खोलीत.

“हे चुकलंय. मी बाहेर काम करायच्या लायकीची नाही.”

“कशावरून?”

“एक तर माझा तोंडावर ताबा नाही. गेल्याच महिन्यात मी खोकेवाल्याला त्याच्या खोक्यात घालून परत पाठवीन म्हणाले. दुसरं, मला कुणी घाई केली की मी मुद्दाम हळू करते, हे गेल्या आठवड्यात इस्त्रीच्या वेळी सगळ्यांनी बघितलंय. तिसरं, माझं वय. चौथं, मी एकदा नोकरी सोडून आलेली आहे आणि सोडताना कुणाला विचारलेलं नाही. आणि तुम्ही आता जे लिहिताय ते मला पटलेलं नाही.”

पट्टी लिहीतच होती. लिहून झाल्यावर तिने कागद वळवून दाखवला. ‘आपली बाजू उदाहरणांसह, मुद्देसूद मांडते’ या प्रश्नासमोर तिने पुरे गुण भरले होते.

“एवढा एकच रकाना माझा होता, तोच रिकामा राहिला होता,” ती म्हणाली.

आक्कांनी कागद वळवून परत तिच्याकडे सरकवला.

पट्टीने पेन बाजूला ठेवलं. “त्या कापडदुकानाचं मी वाचलंय. रांगेचा नियम माझ्या हातात नाही, त्याबद्दल खोटं कशाला बोलू? पण कुठे पाठवायचं ते माझ्या हातात आहे. धुलाईघरात जा. नाही जमलं तर मला येऊन शिव्या द्या.”

“त्या मी एरवीही देईन,” आक्का म्हणाल्या आणि निघाल्या.

वर येऊन त्या खाटेवर बसल्या. एकदा त्यांनी गादीवरून हात फिरवला, एकदा खिडकीच्या चौकटीवरून. रेडिओ बोलत होती, पण त्यांना काही ऐकू येत नव्हतं. बसस्थानकाचा बाक, त्याच्या लोखंडी पट्ट्या आणि पाठीला रुतणारा मधला खिळा, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. मुलाखत तर द्यायची होती ना? नियमात एवढंच होतं, की दुसऱ्याने नाकारलं तर खाट राहते. स्वतः सोडली तर जाते. म्हणजे आपण नोकरी सोडायची नाही. नोकरीनेच आपल्याला सोडायचं. आणि नापास होण्यात आपला हात धरणारं कोण आहे?

मुलाखतीच्या दिवशी आक्कांनी हातचं राखून काही ठेवलं नाही. जराशा नाही, चांगल्या उशिरा पोचल्या. अंगावरच्या स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावली, त्यामुळे एक खांदा वर आणि एक खाली. कुणी ‘बसा’ म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसल्या.

धुलाईघर रुग्णालयाच्या तळघरात होतं. वाफ, ओल्या कापडाचा वास आणि गरगरणारी यंत्रं. मुकादम बाई आक्कांच्याच वयाची, बाह्या कोपरापर्यंत वर केलेली, समोर चहाचा कप थंड होऊन साय धरलेला. तिने आक्कांच्या वाकड्या स्वेटरकडे बघितलं.

“उशीर झाला तुम्हाला.”

“झाला.”

“कारण?”

“कारण काही नाही. निघालेच उशिरा.”

मुकादमिणीने मान वर केली. “बस चुकली वगैरे नाही?”

“बस वेळेवर होती. मी नव्हते.”

“बरं. माणसांत मिसळायला आवडतं?”

“मुळीच नाही. माणसं फार बोलतात.”

“नवीन शिकायची हौस?”

“या वयात? मला जे येतं ते येतं. इस्त्री येते, बटणं येतात, घडी येते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.”

मुकादमिणीने थंड चहाचा कप बाजूला सारला आणि खुर्ची पुढे ओढली. आक्कांना वाटलं, आता हाकलते. त्यांनी शेवटचा, अगदी खात्रीचा डाव टाकला, आणि गंमत अशी, की तो डाव नव्हताच. ते खरंच होतं.

“आणि एक आत्ताच सांगते. माझी पिशवी कुणी तपासलेली मला चालत नाही. पिशवीला हात लागला, की मी उठून जाते. मागेपुढे बघत नाही.”

“पिशवी?” मुकादमिणीने मागच्या चादरींच्या डोंगराकडे बोट केलं. “बघितलंत तिकडे? कशाकशाने डागाळलेल्या असतात त्या. पिशवीत घालून घरी न्यायच्या म्हणता? न्या की. चार तुम्ही न्या, चार मी नेते, तेवढंच ओझं हलकं होईल.”

आक्कांना हसू फुटलं. त्यांनी ते आवरायचा प्रयत्न केला, पण वाफेने आधीच नाक चुळचुळत होतं. हसू आणि शिंक एकदमच बाहेर पडलं.

“तुमच्या केंद्रातून आलेला प्रत्येक जण इथे बसून तीच ठरलेली वाक्यं म्हणतो,” मुकादमीण म्हणाली. “तो दांडगा गडी आला, त्याने पाढे म्हटल्यासारखी म्हटली आणि मग रडला. बाकी दोघी, तेच. हातातलं काम संपल्याशिवाय उठत नाही म्हणे. इथे पाळी संपली की यंत्रं बंद, उठत नाही म्हणजे? मला तर वाटतं, तुमच्याकडे कुणीतरी अर्धवट मास्तरीण बसवलीय शिकवायला.”

आता इथे आक्कांनी गप्प बसायला हवं होतं. एक शब्द न बोलता घरी गेल्या असत्या तर खाट वाचली असती. पण माणसाला मागे राहणं जमतं, अर्धवट म्हणवून घेणं जमत नाही.

“अर्धवट काय म्हणून? तिघंही लागली ना नोकरीला? टिकली ना?”

 मुकादमिणीने आक्कांना वाकड्या खांद्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही शिकवता.”

“म्हणजे, तसं…”

“टिकलीत. तो गडी तर सगळ्यात जड गाठोडी एकटा उचलतो.” ती उठली आणि भिंतीवरचा एक अंगरखा काढून आक्कांच्या मांडीवर टाकला. “सोमवारपासून या. नव्या माणसांना कामाला लावायला मला कुणीतरी हवंच होतं, माझा घसा बसतो या आवाजात. आणि ते स्वेटर नीट लावा. लावता येतं तुम्हाला. चुकीचं लावलेलंसुद्धा किती व्यवस्थित आहे.”

आक्का घरी आल्या त्या पाय आपटतच.

“लागली,” त्या रेडिओवर खेकसल्या. “लागली मेली नोकरी. आता झालं समाधान? मी मधले गुण द्या म्हणाले होते. कुणी काय सांगितलं त्या सगळ्यांना?”

“मी,” रेडिओ म्हणाली. एकच शब्द. तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात आखूड वाक्य असावं.

आक्का थबकल्या. “चुकून?”

“मुद्दाम.”

“का?”

“मला ती खिडकीजवळची खाट पाहिजे होती.” रेडिओने हनुवटी वर केली. “किती वर्षं तुम्हीच? मी भिंतीकडे तोंड करून झोपायचं आणि तुम्ही सायकलवाला बघायचा? तुम्ही काही मेल्याशिवाय हलणार नव्हता. आणि मरायचं लक्षण दिसेना. म्हटलं, हिरवं करून बघू.”

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. ही बाई खोटं बोलताना नेहमीपेक्षा भराभर बोलते, हे त्यांना ठाऊक होतं. आत्ता ती जरा जास्तच भराभर बोलली होती. पण पूर्ण खोटं नव्हतं तेही. खाटेकडे तिचा डोळा पहिल्यापासून होता.

“नालायक आहेस,” आक्का म्हणाल्या.

“पिवळी आहे,” रेडिओ म्हणाली.

महिना संपायच्या आत आक्कांनी रुग्णालयामागे एक खोली बघितली. दुसऱ्या मजल्यावर, चूल ठेवायला जागा, एक खिडकी आणि खिडकीतून दिसणारं काहीही नाही, समोरची भिंत फक्त. घरमालकिणीने विचारलं, काम कुठे करता? आक्कांनी सांगितलं, धुलाईघरात. तिने ‘बरं’ म्हणून किल्ली दिली. त्या ‘बरं’मध्ये पुढेमागे काहीच नव्हतं, हे आक्कांना इतकं विचित्र वाटलं, की त्या जिन्यात थोडा वेळ उभ्याच राहिल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. डबा, रुमाल, चष्म्याचं घर. मग गादीखालून पुठ्ठ्याची एक जाड घडी काढली आणि रेडिओच्या हातात ठेवली.

“हे काय?”

“खिडकीची कडी लागत नाही. फटीत हा दाबून बसवायचा, नाहीतर सगळा वारा कानात. वरून हलकं ठोकायचं, खालून नाही.”

रेडिओ खाटेवर जाऊन बसली. बसल्या बसल्या तिच्या मानेवरून वाऱ्याची झुळूक गेली आणि तिने पदर कानाभोवती ओढून घेतला. “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही इथे वारा खात होता? आणि आम्ही समजतोय राजासारख्या झोपताय?”

“मानाची जागा म्हटलं की तेवढं सोसावं लागतं. परत भिंतीकडे जातेस?”

“मुळीच नाही,” रेडिओ म्हणाली आणि पुठ्ठा फटीत कोंबू लागली. खालूनच ठोकत होती. आक्कांनी पिशवी खाली ठेवली, तिच्या हातातून पुठ्ठा घेतला, नीट बसवला, आणि पिशवी पुन्हा उचलली.

दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला.

“आक्का. पुढच्या मापनाला मला हिरवं व्हायचंय.”

आक्का वळल्या. “धुलाईघरात यायचंय?”

“तुम्ही तिथे एकट्याच. कुणी बोलायला नको का? यंत्रांच्या आवाजात तुमचं तुम्हाला तरी ऐकू येतं का? शिवाय पैलवान आहे, त्याला रडायला कुणीतरी लागतं, आणि मी बघा, एकदा कामाला लागले ना, की…”

“हिरवं होणं सोपं आहे,” आक्का मध्येच म्हणाल्या. “आजपासून कमी बोलायचं.”

रेडिओने जरा विचार केला.

“तेवढं सोडून काहीतरी सांगा,” ती म्हणाली.